टाचेचे हाड : हाताची कला आणि टाचणीएवढी छिद्रे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चालकांनी आम्हांस आरोग्यविषयक चार शब्द सांगण्यासाठी पाचारण केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. विषय कोणता घ्यावा याचा विचार करता, आपल्या समाजाच्या आजच्या जीवनाशी ज्याचा अगदी निकटचा संबंध आहे, परंतु ज्याची चर्चा मात्र सहसा होत नाही, असा एक विषय आम्ही निवडला आहे. तो म्हणजे टाचेच्या हाडाचा भंग.

विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु आपण सुतार मंडळी कोठून कोठे आलो याकडे जरा पाहावे. दोन पिढ्यांपूर्वी आपली बहुतेक घरे गावगाड्यात होती. नांगर, पाभर, बैलगाडीचे चाक आणि घराचा वासा यांवर आपला चरितार्थ चाले. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे रूप पालटले. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. वाकस आणि रंधा धरणारे आपले हात ओतशाळेचे नमुने करू लागले, यंत्रे भरण्याची लाकडी खोकी ठोकू लागले, इमारतींच्या सेंटरिंगला आणि शेडच्या छपराला लागले. जो हात पूर्वी ओसरीत बसून काम करी, तो आता वीस-वीस फूट उंचीवर काम करतो. माणूस उंचावरून पायांवर पडला की सारा भार प्रथम टाचेवर येतो. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

प्रथम हे हाड कसे मोडते ते पाहू. टाचेचे हाड हे पावलाच्या मागील भागातील सर्वांत मोठे हाड. वरून कवच पातळ, आत मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार. त्याच्यावर घोट्याचे हाड बसलेले असते, आणि त्या दोहोंमध्ये एक सांधा असतो. उंचसखल जमिनीवर, खडीवर, शिडीच्या पायरीवर पाऊल डावीउजवीकडे कलते, ते मुख्यतः या सांध्यामुळे. माणूस उंचावरून पडला म्हणजे घोट्याचे हाड वरून पाचरीसारखे टाचेच्या हाडात घुसते. लाकडाच्या ओंडक्यात पाचर मारली असता काय होते, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. ओंडका फाकतो, कड बाहेर येते, आणि पाचर आत रुतते. टाचेचेही तेच होते. ती उंचीने कमी होते, रुंदीने वाढते, एका अंगास कलते, आणि सांध्याचा सपाट पृष्ठभाग खचून तिरपा होतो. या हाडाच्या दर चार भंगांपैकी सुमारे तीन भंग असे सांध्यापर्यंत जाणारे असतात. व्हिएन्नाचे विख्यात अस्थिविशारद लोरेन्झ ब्योलर यांनी 1931 साली क्ष-किरणचित्रावर या हाडाचा एक कोन मोजून दाखविला. निरोगी टाचेत तो 20 ते 40 अंश असतो, भंगात तो घटतो, आणि कधी शून्याच्याही खाली जातो. हा जणू टाचेला लावलेला गुण्याच होय, आणि आजही प्रत्येक शल्यविशारद तो लावून पाहतो.

हे हाड जसेच्या तसे राहू दिले, तरी ते जुळून येते. या हाडाला रक्ताचा पुरवठा चांगला असल्याने न जुळण्याची भीती फारशी नसते. भीती असते ती वेडेवाकडे जुळण्याची. मग पायताण बसत नाही, रुंदावलेली टाच घोट्याच्या बाहेरील बाजूच्या स्नायुरज्जूंना घासते, खडबडीत जमिनीवर चालताना कळ येते, आणि आठ तास यंत्रापुढे उभे राहणे अशक्य होते. ज्याची भाकरी पायांवर उभी आहे, त्याच्या दृष्टीने हे अपंगत्वच.

अशा वेळी घरात काय घडते? आमचा अनुभव असा आहे की, पडलेल्या माणसाभोवती दोन पक्ष उभे राहतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “गावाकडच्या हाडवैद्याकडे न्या, त्याच्या हाताला यश आहे. कापाकापी केली की पाय गेलाच समजा.” तरुण मुले म्हणतात, “आजच्या आज ऑपरेशन करून पट्टी बसवा.” घरच्या गृहिणीस मात्र एकच प्रश्न पडलेला असतो, तो म्हणजे पुढचे तीन महिने घर कसे चालावयाचे. या तिघांनाही उत्तर द्यावे, अशा हेतूने आम्ही येथे उभे आहो.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. हाडे बसविण्याची विद्या या देशात फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात भंगांवर स्वतंत्र अध्याय आहेत. हाड ओढणे, दाबणे, जागी आणून स्थिर करणे आणि बांधणे, असे उपचाराचे चार भाग तेथे सांगितले आहेत. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबूच्या कांबी वापराव्यात, असे सांगितले आहे. लाकडाची पारख असलेल्या आपल्या समाजास हे वाचून अभिमान वाटावा. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो, हा इशारा तेथे स्पष्ट दिला आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पाहावा, अशी ताकीदही आहे. बाल्यात एक महिना, मध्यम वयात दोन आणि वार्धक्यात तीन महिने हाड सांधण्यास लागतात, हे प्राचीनांचे गणित आजही साधारणपणे लागू पडते.

पण या विद्येला एक मोठी मर्यादा होती. हाताला जेवढे कळे, तेवढेच वैद्यास कळे. मनगट किंवा नडगी चाचपून तिची रेषा जाणता येते. टाचेच्या आत खचलेला सांधा बोटांस लागत नाही. 1895 साली रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतरच तो दृष्टीस पडला, आणि सी. टी. स्कॅन आल्यावर त्याचे तुकडे नीट मोजता येऊ लागले. ज्याने संहितेतील इशारे विसरून केवळ तेलाने चोळणे आणि बांबू आवळणे एवढेच उचलले, त्याच्या हातून सुजलेल्या पावलाचे फार नुकसान होते. आवळलेल्या बंधाखाली रक्त थांबते, बोटे काळी पडतात, आणि मग पाय वाचविणे हाच प्रश्न होऊन बसतो. येथे दोष प्राचीन शास्त्राचा नसतो. शास्त्र सोडल्याचा असतो.

आता तरुणांच्या पक्षाकडे वळू. टाच उघडून हाडाचे तुकडे डोळ्यांनी पाहावेत, जागी बसवावेत आणि धातूची पट्टी व स्क्रू यांनी जखडावेत, ही पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाली. त्यासाठी टाचेच्या बाहेरील बाजूस काटकोनी असा लांब छेद घ्यावा लागतो. अडचण अशी की, या ठिकाणी हाडावर मांसाचे आच्छादन जवळजवळ नाहीच. कातडी आणि लगेच हाड. सूज आलेल्या, फोड उठलेल्या कातडीवर मोठा छेद घेतला तर त्याच्या कडा काळवंडतात, जखम उघडी राहते, आणि हाडात पू जाण्याची भीती असते. विडी ओढणारे, तंबाखू-मिश्री लावणारे आणि मधुमेही यांच्या बाबतीत ही भीती दुणावते. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा निकाल 2014 साली प्रसिद्ध झाला. 22 रुग्णालयांतील 151 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली होती. एका गटावर टाच उघडून शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर झाली नाही. दोन वर्षांनंतर वेदना व चालणे यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. गुंतागुंत मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरी 23 आणि न झालेल्यांत शंभरी 4 अशी होती. ज्यांच्या टाचेचा आकार फारच बिघडला होता, असे रुग्ण त्या चाचणीत नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरीही “मोठे ऑपरेशन म्हणजे चांगले ऑपरेशन” हा समज सोडून द्यावा, एवढा बोध त्यातून खासच मिळतो.

मग मधला मार्ग आहे काय? आहे, आणि तो शोधण्यात आपल्या शेजारच्या चीन देशाचा वाटा मोठा आहे. तेथेही हाडे बसविणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. नवव्या शतकातील एका भिक्षूच्या ग्रंथात हाड ओढून बसविण्याची आणि झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी बांधण्याची रीत दिली आहे. ती वाचून सुश्रुताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 1742 साली तेथील बादशहाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या वैद्यकग्रंथात हाताच्या आठ क्रिया सांगितल्या आहेत : चाचपणे, जोडणे, धरणे, उचलणे, दाबणे, चोळणे, ढकलणे आणि पकडणे. 1958 च्या सुमारास थ्येन्‌त्सिन शहरातील रुग्णालयात फांग श्येन्‌-चि, शांग थ्येन्‌-यु आदी पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या शल्यविशारदांनी या जुन्या हातक्रिया अभ्यासल्या. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या पारखल्या, उपयोगी त्या ठेवल्या, निरुपयोगी त्या टाकल्या, आणि आपले अनुभव 1963 च्या सुमारास जगापुढे मांडले. त्यांची सूत्रे चार होती : स्थैर्य आणि हालचाल यांचा मेळ घालावा, हाडाबरोबर मांस व स्नायूही जपावे, बाहेरील उपचारास आतील पोषणाची जोड द्यावी, आणि वैद्य व रुग्ण यांनी एकमेकांस सहकार्य करावे.

हाताने टाच बसविण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले. ब्योलर यांनी फाकलेली टाच दाबण्यासाठी स्क्रूचा शिकंजा वापरला. आपण सरस लावलेला जोड शिकंज्यात धरतो तसाच. इंग्लंडच्या एसेक्स-लोप्रेस्टी यांची पद्धत 1952 साली प्रसिद्ध झाली. तीत टाचेच्या मागून जाड सळई घालून खचलेला तुकडा तरफेने उचलीत. जपानच्या ओमोतो यांनी तर नुसत्या दोन तळहातांमध्ये टाच धरून ती ओढावी, दाबावी आणि डावीउजवीकडे हलवावी, अशी रीत घालून दिली. या साऱ्या धाग्यांचा पीळ म्हणजे आजची मिश्र पद्धत होय.

ती कशी चालते, ते थोडक्यात सांगतो. रुग्णास भूल दिली जाते. गुडघा वाकवितात, म्हणजे पोटरीचा ताण सैल पडतो आणि टाच वर ओढली जात नाही. साहाय्यक मांडी धरून ठेवतो. शल्यविशारद टाच दोन्ही तळहातांमध्ये धरून ओढतो, फाकलेल्या बाजू दाबून आत आणतो, आणि कल सरळ करतो. हे झाले हाडवैद्याचे काम. परंतु ते सी-आर्म नावाच्या क्ष-किरणयंत्राच्या पडद्यावर पाहत पाहत चालते. हाताच्या दाबाने बाजू मिटते, उंची परत येते. पण सांध्याचा खचलेला तुकडा पुष्कळदा तसाच राहतो. मग टाचणीएवढ्या छिद्रातून सळई आत घालून तो तुकडा तरफेने उचलतात. तेवढ्याने तो बसला नाही, तर घोट्याच्या बाहेरील अंगास दीड-दोन इंचांचा छेद घेऊन प्रत्यक्ष पाहून बसवितात. शेवटी कातडीतून तारा किंवा स्क्रू घालून सारे जागी धरतात. लांब छेदापेक्षा या लहान छेदांनी जखमेचे त्रास पुष्कळच कमी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. चीनमध्ये पुढे जखमा भरल्यावर वनस्पतींच्या कोमट काढ्यात पाय बुडवून व्यायाम करवितात. आमच्या मते त्यातील ऊब आणि व्यायाम हे दोन भाग आपण निःशंक घ्यावेत.

येथे आम्हांस एक गोष्ट ठासून सांगावयाची आहे. या पद्धतीत दोन विद्यांचा मेळ एकाच माणसाच्या हातात, एकाच शस्त्रक्रियागृहात, एकाच वेळी पडतो. आधी आठ दिवस हाडवैद्य, नंतर आठ दिवस घरी, आणि सूज उतरेना म्हणून मग रुग्णालय, हा मेळ नव्हे. ही वेळेची नासाडी होय. सरस ओला असेतोवर जोड हलविता येतो. वाळल्यावर तो मोडावाच लागतो. टाचेच्या हाडाचा सरस साधारण दोन आठवड्यांत धरू लागतो. त्यानंतर हाताच्या दाबाने तुकडे हलत नाहीत, आणि लहान छेदाची संधी जाते. म्हणजे जो घाबरून ऑपरेशन टाळावयास हाडवैद्याकडे जातो, त्याच्याच नशिबी पुढे मोठे ऑपरेशन किंवा जन्माचे लंगडणे येते.

ही पद्धत सर्वांस लागू पडते असेही नाही. तुकडे जागचे हलले नसतील तर शस्त्रक्रियेची गरजच नसते. हाडाचा अगदी चुरा झाला असेल तर निराळा विचार करावा लागतो. आणि एका प्रकारात तर तासांचा हिशेब असतो : टाचेच्या मागील तुकडा वर ओढला जाऊन आतून कातडीवर दाबतो, आणि तेथील कातडी पांढरी पडते. अशा वेळी त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही तर कातडी मरते. म्हणून निर्णय तज्ज्ञाचा असावा. आपले काम रुग्णास वेळेवर त्याच्यापुढे नेण्याचे.

तेव्हा कोणी उंचावरून पायांवर पडला तर काय करावे, हे घरातील प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. त्यास उभे करून चालवून पाहू नये. टाच चोळू नये, शेकू नये, आवळून बांधू नये. पाय उशीवर उंच ठेवावा. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने थोडा थोडा वेळ गार करावा. कंबर किंवा पाठ दुखत असेल तर ते मुद्दाम सांगावे. टाच मोडलेल्या दर दहांपैकी सुमारे एकाच्या पाठीचा मणकाही मोडलेला असतो. पाऊल दगडासारखे ताठले, बोटे बधिर झाली, किंवा बोट सरळ करताच असह्य कळ आली, तर क्षणाचाही विलंब करू नये. संत तुकारामनगरातील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, मोहननगरातील कामगार विमा रुग्णालय, किंवा जवळचे जे चांगले अस्थिरुग्णालय असेल ते गाठावे. त्याच दिवसापासून विडी, तंबाखू आणि मिश्री बंद करावी. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. जखम भरण्याची ती अटच आहे.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सारे संपले, असेही नव्हे. सहा ते बारा आठवडे त्या पायावर भार टाकावयाचा नसतो. मात्र बोटे आणि घोटा डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून हलवावयाचा असतो. स्थैर्य आणि हालचाल यांचा मेळ तो हाच. घाईने कामावर गेलेल्याची टाच पुन्हा खचते, आणि भीतीने पाय न हलविणाऱ्याचा सांधा आखडतो.

आता त्या गृहिणीचा प्रश्न. तीन महिने घर कसे चालावे? 1948 च्या कायद्याने सुरू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेत ज्यांची नोंद आहे, त्यांना कामावरील इजेबद्दल उपचार आणि रजेच्या काळातील वेतनाचा मोठा भाग मिळतो. पण त्यासाठी अपघाताची नोंद त्याच वेळी लेखी झाली पाहिजे. ठेकेदाराने “घरी पडला असे सांग, खर्च मी देतो” असे म्हटले, तर ते कदापि ऐकू नये. तो शब्द पहिल्या बिलापर्यंतच टिकतो. इमारतीच्या कामावरील बंधूंनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आपली नोंदणी करून ठेवावी. आणि आपल्या मंडळाने कुबड्यांच्या पाच-दहा जोड्या, एक-दोन चाकाच्या खुर्च्या आणि अशा घरांसाठी तीन महिन्यांच्या शिधासामग्रीचा छोटा निधी ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. सत्कारावरील एका वर्षाच्या हारतुऱ्यांच्या खर्चात यातील पुष्कळ भाग होण्यासारखा आहे.

सर्वांत चांगला उपचार म्हणजे न पडणे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. फळी टाकूनच चालावे. परांचीची गाठ स्वतःच्या हाताने तपासावी. सेफ्टी बेल्ट नुसता कमरेस न बांधता त्याचा आकडा भक्कम जागी अडकवावा. आपले पूर्वज हत्यारास धार आहे की नाही हे पाहिल्याशिवाय काम सुरू करीत नसत. हीही एक धारच समजावी.

बंधुभगिनींनो, जुने ते सारे टाकाऊ आणि नवे ते सारे घातक, किंवा याच्या उलट, अशी वादावादी आपल्या घरांत पुष्कळ चालते. टाचेच्या या एका हाडाने जगातील शहाण्या माणसांस शिकविले की, हाताची कला डोळस झाली पाहिजे आणि शस्त्राने हात आखडता घेण्यास शिकले पाहिजे. आपण कारागीर आहो. योग्य वेळी, योग्य जागी, लागेल तेवढाच घाव घालावा, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तेच तारतम्य आपल्या माणसांच्या हाडांविषयीही बाळगावे, एवढी विनंती करतो.